बिस्मिल्लाह कोणत्या गोळीवर?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मुसलमानांच्या काही घरांत ऑक्टोबर उजाडला की एक प्रश्न निघतो. ऑफिसमधला सहकारी किंवा शेजारी म्हणतो, चल, या वर्षी हरणाच्या शिकारीला जाऊ. परवाना मिळतो, रायफल मिळते, सुट्टीही मिळते. अडते ते एकाच ठिकाणी: गोळीने मेलेल्या जनावराचे मांस खाता येईल का? मग प्रश्न व्हॉट्सअॅपवरून रत्नागिरीला, सोलापूरला, औरंगाबादला येतो. तिथून मोहल्ल्यातल्या मशिदीत जातो. उत्तर एका ओळीत परत फिरते. कोणी सांगतो, बिस्मिल्लाह म्हणून गोळी झाडा, हलाल आहे. कोणी सांगतो, जिवंत सापडले तर जिबह करा, मेलेले सापडले तर हात लावू नका.

दोन्ही उत्तरांना फिक्हमध्ये आधार आहे. पण विचारणारा आणि सांगणारा, दोघेही एक प्रश्न सोडून देतात. गोळी कोणती? ती किती वजनाची, कोणत्या धातूची, किती वेगाची आणि जनावराच्या अंगात शिरल्यावर ती काय करते? माझ्या मते हलाल-हरामचा खरा विचार इथूनच सुरू व्हायला हवा.

आधी एक खुलासा. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय संपलेला आहे आणि तो संपलेलाच राहावा या मताचा मी आहे. कोकणातल्या जुन्या घरांतून भिंतीवरची ठासणीची बंदूक, सांबराची शिंगे आणि आजोबांच्या रानगोष्टी अजून निघतात. त्या गोष्टीच राहू द्याव्यात. पण कोलोराडो, वायोमिंग, मोन्टॅना या राज्यांत स्थिती वेगळी आहे. तिथे हरणांची आणि एल्कची शिकार सरकारी परवान्याने, ठरलेल्या हंगामात, मोजून होते. एल्क हा आपल्या सांबराच्याच कुळातला. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो, मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास. एका कुटुंबाला वर्षभर पुरेल इतके मांस एका जनावरातून मिळते. आपली माणसे तिथे राहतात, तिथले कायदे पाळून शिकारीला जातात, तर त्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवे. ‘मुसलमान’ आणि ‘बंदूक’ हे शब्द एका वाक्यात आले की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून आपण हा विषय टाळतो. टाळल्यामुळे प्रश्न सुटत नाही, तो फक्त कमी माहितीवर सोडवला जातो.

हातभरणी म्हणजे काय

रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळी झाडल्यावर पुंगळी रिकामी होते, पण निकामी होत नाही. ती साफ करून, पुन्हा मापात आणून, नवा प्रायमर, तोलून घेतलेली दारू आणि आपल्या पसंतीची गोळी बसवली की नवे काडतूस तयार होते. अमेरिकेत हजारो शिकारी हे काम घरच्या टेबलावर करतात. दाबयंत्र, साचे, बारीक तराजू आणि गोळी-दारूच्या कंपन्यांनी छापलेले मापांचे पुस्तक एवढी त्याची सामग्री. पुस्तकात प्रत्येक गोळीसाठी दारूचे किमान आणि कमाल माप दिलेले असते. किमान मापापासून सुरुवात करायची, थोडेथोडे वाढवत जायचे, प्रत्येक टप्प्यावर नेम तपासायचा आणि कमाल मापाची रेषा ओलांडायची नाही, हा या कामाचा पहिला नियम.

तोलण्याचे एकक आहे ग्रेन. आपल्याला ते अगदीच परके नाही. सोनाराची गुंज साधारण दोन ग्रेनांची भरते. आणि १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, कारण ब्रिटिश काळात तोळ्याचे प्रमाणच तसे ठरवले गेले. गंमत अशी की थर्टी-ऑट-सिक्स ही १९०६ पासून चालत आलेली अमेरिकेतली लोकप्रिय रायफल. एल्कसाठी तिची पिढ्यान्‌पिढ्या पसंतीची गोळी १८० ग्रेनांची आहे. म्हणजे एका तोळ्याची गोळी, नळीतून निघताना सेकंदाला सुमारे २,७०० फूट वेगाची.

बाजारात तयार काडतुसे मिळतात, तरी लोक हाताने का भरतात? काटकसर हे एक कारण. मोठे कारण असे की जनावर, अंतर आणि रायफल पाहून गोळी स्वतः निवडता येते. हातभरणी करणाऱ्याला नंतर ‘दुकानात हीच मिळाली’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. गोळीने जे काही केले, त्याची निवड त्याने रात्री टेबलावर बसून केलेली असते.

बाणावर घेतलेले नाव

आता फिक्हकडे वळू. सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीत खाण्यास मनाई असलेल्या गोष्टींत ‘मौकूजा’ येते, म्हणजे मार लागून, ठेचून मेलेले जनावर. लगेच चौथ्या आयतीत शिकारीची मुभा येते आणि तिथे पहिला शब्द वापरला जातो तो ‘तय्यिबात’, चांगल्या, स्वच्छ गोष्टी. हदीसमध्ये अदी बिन हातिम यांचा प्रसंग प्रसिद्ध आहे. ते शिकारी होते. मिअराद नावाच्या जड, टोकदार दांड्याने मारलेल्या शिकारीबद्दल त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले. उत्तराचा आशय असा की टोक घुसून जनावर मेले असेल तर खा. दांडा आडवा लागून मेले असेल तर ते मौकूजा आहे, खाऊ नका. हत्यार एकच, हात एकच, बिस्मिल्लाहही तीच. फरक फक्त जखमेचा.

दुसरी गोष्ट बाराव्या शतकातल्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथातली. मरगीनानी यांनी तिथे एक बारकावा नोंदवला आहे. जिबह करताना अल्लाहचे नाव जनावरावर घेतले जाते, तर शिकारीत ते हत्यारावर घेतले जाते. एका बाणावर बिस्मिल्लाह म्हणून दुसराच बाण सोडला तर ते नाव पुरत नाही. कारण असे की जिबह करणे माणसाच्या हातात असते. शिकारीत माणसाच्या हातात असते ते फक्त सोडणे. लागणे त्याच्या हातात नसते.

मला हा विचार फार मोलाचा वाटतो. वारा, जनावराची हालचाल, क्षणाचा थरकाप या गोष्टी शिकाऱ्याच्या ताब्यात नाहीत. बाण कोणता, तो किती धारदार आणि तो कधी सोडायचा, हे त्याच्या ताब्यात आहे. म्हणूनच नाव बाणावर घ्यायचे. मग जो आपला बाण स्वतः घडवतो, म्हणजे आपले काडतूस स्वतः भरतो, त्याची जबाबदारी किती वाढते ते पाहा.

बुंदुकपासून बंदुकीपर्यंत

गोळीच्या शिकारीला जुन्या उलेमांनी विरोध का केला, हेही समजून घ्यायला हवे. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे मुळात हेझलनटचे फळ. त्यावरून मातीच्या छोट्या गोळीला तेच नाव पडले. अशा गोळीने पक्षी मारला तर तो मौकूजा, हे जुन्या ग्रंथांतले मत, आणि ते बरोबरच होते; मातीची गोळी टोचत नाही, ठेचते. पुढे दारूची हत्यारे आली, त्यांनाही तेच नाव चिकटले आणि आपल्यापर्यंत ते ‘बंदूक’ होऊन आले. नावाबरोबर निर्णयही आला.

तो केवळ नावामुळे आला असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. त्या काळची गोळी म्हणजे शिशाचा मऊ, गोल, मोठा गोळा. तिला टोक नव्हते, धार नव्हती. ती भाजते आणि ठेचते, कापत नाही, असे हनफी ग्रंथकारांना वाटले. त्यात त्यांचा एक सावधगिरीचा नियम आहे: जनावर जखमेने मेले की वजनाच्या माराने, याबद्दल शंका असेल तर खाऊ नये. उलट दर्दीर आणि दसूकी हे मालिकी विद्वान, येमेनचे शौकानी आणि विसाव्या शतकात युसुफ करजावी यांनी गोळीची शिकार वैध मानली. त्यांचे म्हणणे असे की गोळी अंगात शिरते, भेदते, रक्त वाहवते. बाणापेक्षा जास्तच भेदते. आपल्याकडे घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी आणि कोकणातले शाफई. दोन्हीकडच्या जुन्या ग्रंथकारांचा कल नकाराकडे होता, म्हणून आजही आपल्या मौलानांचे पहिले उत्तर तसेच येते.

मी मुफ्ती नाही आणि हा फतवा नाही. पण एक गोष्ट डोळ्यांसमोर आहे. ज्या गोळीवर ते वाद झाले ती गोळी आज एल्कच्या शिकारीत जवळजवळ कोणी वापरत नाही. आजची गोळी लांबट, टोकदार, तांब्याच्या आवरणाची, स्वतःभोवती फिरत जाणारी असते. भेदणे की ठेचणे हा प्रश्न मात्र जुना झालेला नाही. तो आता गोळीगणिक विचारावा लागतो, कारण आजच्याही सगळ्या गोळ्या सारखे काम करत नाहीत.

कमजोर काडतुसाचा सल्ला

इथे मला एका सल्ल्याबद्दल स्पष्ट बोलायचे आहे. तो कोणी लिहून ठेवत नाही, पण तोंडी ऐकू येतो. जनावर जिबह करायला जिवंत सापडायला हवे ना? मग गोळी हलकी घ्या, दारू कमी भरा, किंवा नेम मागच्या पायांवर धरा. जनावर खाली बसेल, तुम्ही सुरी घेऊन पोहोचाल, मग सगळे शंकारहित.

हा सल्ला दीनच्या नावावर दिला जातो, पण दीनच्या आशयाशी तो पूर्ण विसंगत आहे. सहीह मुस्लिममध्ये शद्दाद बिन औस यांच्याकडून आलेली हदीस आपल्याला लहानपणापासून कुर्बानीच्या दिवशी ऐकवली जाते. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे काम उत्तम रीतीने करणे, बंधनकारक केले आहे, प्राण घेतानासुद्धा. सुरीला धार लावा आणि जनावराला यातनेतून लवकर सोडवा, असा तिचा आशय. ज्या धर्मात बोथट सुरी वापरणे दोषाचे आहे, तिथे मुद्दाम बोथट केलेली गोळी कशी चालेल?

व्यवहारातही हा सल्ला फसतो. एल्क हे दांडगे जनावर आहे. पायात किंवा पोटात गोळी लागलेला एल्क खाली बसून तुमची वाट पाहत नाही. तो डोंगर चढून, दाट झाडीत, मैल दोन मैल निघून जातो. पोटात जखम झाली तर मरायला तासन्‌तास लागतात. अंधार पडतो, बर्फ पडते, माग हरवतो. मग ना जिबह, ना मांस, फक्त एक जीव हालहाल होऊन गेला. पायात नेम धरून जनावर हाती लागलेच, तरी सुरी पोहोचेपर्यंतच्या यातना कोणत्या खात्यावर लिहायच्या? शिवाय दारू कमी करणे हे हातभरणीत निरुपद्रवी कामही नाही. मंद जळणाऱ्या दारूचे माप पुस्तकातल्या किमान मर्यादेखाली नेले तर नळीतला दाब अनपेक्षितपणे चढू शकतो. पुस्तके तसा इशारा देतात.

नवशिक्यांसाठी, खांद्याला कमी धक्का बसावा म्हणून पुस्तकात दिलेली सौम्य मापे असतात. त्यांना जुळणारी गोळी आणि कमी अंतर ठेवले तर ती योग्यच आहेत. मी बोलतो आहे ते जनावर लवकर मरू नये म्हणून निवडलेल्या काडतुसाबद्दल.

मग हनफी मतावर ठाम असलेल्याने काय करावे? माझे उत्तर सरळ आहे. त्याने रायफल ठेवून धनुष्य घ्यावे. कोलोराडोत सप्टेंबरमध्ये धनुष्यबाणाचा वेगळा हंगाम असतो. रुंद पात्याचा धारदार बाण अदी बिन हातिम यांच्या हदीसमध्ये नेमका बसतो. त्यावर कोणत्याच मजहबचा आक्षेप नाही. मात्र त्यासाठी महिनोन्‌महिने सराव लागतो आणि जनावराच्या फार जवळ जावे लागते. तेवढी तयारी नसेल तर दुकानातून बकऱ्याचे मांस आणावे. रायफल घ्यायची असेल तर गोळी वैध मानणाऱ्या विद्वानांचे मत मनापासून स्वीकारावे आणि मग गोळी अशी निवडावी की ती जनावराला लवकरात लवकर मारेल. जनावर जिवंत सापडले तर अर्थातच जिबह करावे. पण ते जिवंत सापडावे म्हणून काडतूस कमजोर करू नये.

वेगाचा मोह

उलट दिशेचा मोह जास्त पसरलेला आहे. हातभरणी करणाऱ्यांच्या गप्पा ऐका, निम्म्या वेगाच्या असतात. गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे भौतिकशास्त्र बरोबर आहे. त्यावरून निघणारा निष्कर्ष चुकतो. जनावर ऊर्जेच्या आकड्याने मरत नाही. हृदय आणि फुप्फुसांतून गोळी आरपार गेली, रक्ताचा दाब कोसळला, की काही सेकंदांत शुद्ध हरपते. गोळीने तिथपर्यंत पोहोचायचे आहे आणि वाटेत पुरेसे उघडायचे आहे.

हलकी, मऊ गोळी अतिवेगाने जवळून झाडली तर एल्कच्या खांद्याच्या हाडावरच फुटते. उथळ, मोठी जखम होते आणि फुप्फुसे शाबूत राहतात. ही शब्दशः ठेचण्याची जखम आहे. फार कठीण गोळी लांबवरून, वेग सरल्यावर लागली तर न उघडता सुईसारखी आरपार जाते. जनावर दूर जाऊन मरते. म्हणजे योग्य काडतूस म्हणजे सर्वांत वेगवान काडतूस नव्हे. ज्या अंतरावर आपण खरोखर झाडणार आहोत, त्या अंतरावर उरलेल्या वेगाला जी गोळी नीट उघडते आणि तरी एकसंध राहते, ते योग्य काडतूस.

हा धडा शिकाऱ्यांनी अनुभवातून घेतला आहे. १९४६ साली जॉन नोस्लर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले असता त्यांच्या गोळ्या मूसच्या चिखलाने माखलेल्या जाड कातड्यावर आत न शिरता फुटल्या. त्यातून त्यांनी मध्ये तांब्याची भिंत असलेली गोळी तयार केली: पुढचा भाग उघडतो, मागचा भाग शाबूत राहून आत जातो. ती पार्टिशन नावाची गोळी आजही एल्कसाठी वापरली जाते. त्यांनी वेग वाढवला नाही, गोळीची रचना बदलली.

कोलोराडोचा कायदाही हाच विचार करतो. तिथे मोठ्या शिकारीसाठी उघडणारीच गोळी लागते. हरणासाठी किमान ७० ग्रेन आणि एल्कसाठी किमान ८५ ग्रेन वजन, आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा. हा तळ आहे, आदर्श नव्हे. व्यवहारात थर्टी-ऑट-सिक्ससारख्या रायफलीत हरणासाठी १५० ते १६५ ग्रेन आणि एल्कसाठी १६५ ते १८० ग्रेनांची, एकसंध राहणारी गोळी हा जुना, समंजस मार्ग आहे. एकाच फेरीत दोन्हींचा परवाना असेल तर काडतूस एल्कचे घ्यावे आणि हरणावरही तेच वापरावे. एल्कला पुरणारी गोळी हरणाला पुरतेच. हरणाची हलकी गोळी एल्कला पुरेल याची खात्री नाही.

कमाल मापाच्या पुढे थोडी दारू घालून सेकंदाला शंभरेक फूट जास्त मिळवण्याची खटपट कशासाठी? २०० यार्डांवर नेम बसवलेल्या रायफलीत ३०० यार्डांवर त्याने फरक पडतो तो इंचभराचा. त्या इंचासाठी माणूस आपल्या डोळ्यांजवळ फुटू शकणारा दाब साठवतो. उलट ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तेवढ्याच अंतरावर गोळीला सहा-सात इंच ढकलतो, आणि हरणाच्या छातीत नेमाची जागाच मुळी आठ इंचांची. ५०० यार्डांवर गोळी पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. तेवढ्यात जनावर पाऊल उचलते. सोडणे आपल्या हातात आहे, हे मानायचे तर न सोडणेही आपल्याच हातात आहे. टेबलावर टेकून, सावलीत बसून मारलेला नेम हे आपले अंतर नव्हे. धाप लागलेली असताना, गुडघ्यावर बसून, पाचपैकी पाच गोळ्या त्या आठ इंचांत जिथवर बसतात ते आपले अंतर.

शिसे आणि तय्यिब

राहिला धातू. शिशाची गोळी हाडावर किंवा मांसात फुटते तेव्हा तिचे कण जखमेपासून कित्येक इंच दूर पसरतात. एक्स-रेमध्ये ते चांदण्यांसारखे दिसतात. जिभेला मात्र जाणवतही नाहीत. २००८ साली नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान दिलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले आणि ते मांस वापरू नका, असे सरकारला सांगावे लागले. शिसे मुलांच्या मेंदूला किती घातक, हे सांगायला नको. हलालची इतकी काळजी घेणारा बाप तेच मांस खिम्यात घालून मुलांना वाढतो, तेव्हा चौथ्या आयतीतला ‘तय्यिब’ हा शब्द कुठे जातो?

दुसरा बळी गिधाडांचा. शिकारी आतडी रानात टाकून येतो, ती कॉन्डोर आणि गरुड खातात. कॅलिफोर्नियाचा कॉन्डोर १९८०च्या दशकात जेमतेम दोन डझनांवर आला होता आणि आजही शिशाची विषबाधा हेच त्याच्या मृत्यूचे प्रमुख कारण आहे. म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. आपल्याला हे लवकर कळायला हवे, कारण आपण स्वतःच्या डोळ्यांनी गिधाडे नाहीशी होताना पाहिली. आपल्याकडे ती गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गेली. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावात उरलेली गिधाडे जपण्याचे काम चालले, त्या तालुक्याची मुले आज अमेरिकेत आहेत. त्यांना वेगळे समजवायची गरज पडू नये.

पर्याय उपलब्ध आहे. १९८९ पासून बार्न्स कंपनीची पूर्ण तांब्याची गोळी बाजारात आहे. आता इतरही कंपन्या बनवतात. ही गोळी लागल्यावर पुढून चार पाकळ्यांत उघडते, तुकडे क्वचितच होतात आणि जवळजवळ पूर्ण वजनाने आरपार जाते. धारदार पाकळ्यांनी कापत जाणारी, रक्त वाहवणारी, मांसात विष न सोडणारी ही गोळी पाहिली की अदी बिन हातिम यांना दिलेले उत्तर आठवते. भेदणे आणि ठेचणे यांतला फरक जितका स्पष्ट इथे दिसतो तितका दुसऱ्या गोळीत क्वचितच दिसेल. तिच्या मर्यादाही आहेत. तांबे शिशापेक्षा हलके, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत जास्त जागा घेते. म्हणून लोक वजनाची एक पायरी खाली येतात. उघडायला तिला थोडा जास्त वेग लागतो, म्हणजे अंतर आणखी आखडावे लागते. आणि तिच्यासाठी माप तिच्याच पुस्तकातले घ्यावे लागते, शिशाच्या गोळीचे चालत नाही. किंमत जास्त आहे. पण हंगामात प्रत्यक्ष जनावरावर झाडल्या जाणाऱ्या गोळ्या एक किंवा दोन असतात. त्यांची किंमत काढणे कंजूषपणाचे आहे.

दोन आक्षेप

काही वाचक म्हणतील, शिकारच कशाला? प्रश्न रास्त आहे. शिंगे भिंतीवर लावायला किंवा फोटो काढायला केलेली शिकार इस्लाममध्ये नापसंत आहे, आणि विनाकारण मारलेल्या चिमणीचाही हिशेब द्यावा लागेल, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे. पण मांसासाठी, मर्यादेत, कायद्याने केलेल्या शिकारीला कुरआनने मुभा दिली आहे. आयुष्यभर लोखंडी पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबडीवर हलालचा शिक्का मारून आपण निश्चिंत होतो. रानात मोकळे वाढलेल्या आणि क्षणात मेलेल्या एल्कबद्दल मात्र साशंक असतो. हा विरोधाभास एकदा तपासायला हवा.

दुसरे म्हणतील, दीनच्या प्रश्नात ग्रेन, वेग, तांबे कशाला आणता? मला वाटते, आपल्या धार्मिक चर्चेची अडचण इथेच आहे. आपण शब्दांवर वाद घालतो आणि वस्तू पाहत नाही. जुन्या फकीहांनी तसे केले नाही. त्यांनी मिअरादचे टोक पाहिले, मातीची गोळी हातात घेऊन पाहिली, कुत्रा शिकवलेला आहे की नाही हे तपासले, जनावर पाण्यात पडून बुडाले का, हेही विचारले. बाण लागलेले जनावर दुसऱ्या दिवशी सापडले तर त्याच्या अंगावर आपल्याच बाणाची खूण आहे ना, हे बघायला सांगितले. आज एखाद्या तरुणाने फोन केला तर आपल्या मौलानांनी त्याला चार प्रश्न तरी विचारावेत. गोळी कोणती आहे? किती अंतरावरून झाडणार? तेवढ्या अंतरावर सराव आहे का? जनावर पळाले तर किती वेळ माग काढशील?

आणि तरुणांनी हे चार प्रश्न स्वतःला त्याआधी विचारावेत. हंगामाच्या आदल्या आठवड्यात नव्हे, उन्हाळ्यातच, जेव्हा पुंगळ्या साफ करून रांगेत मांडलेल्या असतात आणि कोणती गोळी बसवायची हे अजून ठरायचे असते. डोंगरावर, चाप ओढताना, बिस्मिल्लाह म्हणायला एक श्वास पुरतो. ज्या गोळीवर ते म्हटले जाणार आहे, तिची निवड मात्र त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.